फेनाच्या नावाची पाटी

होबार्ट शहरातल्या डॉक्टरनं सगळं सांगून झाल्यावर एरल पायबसनं एकच विचारलं, "म्हणजे किती लाकूड चालेल?"

दारूचं विचारावं तसं. रोज दोन ग्लास चालतील का, निदान रविवारी एक?

डॉक्टर पोरगेलीशी बाई होती. ती म्हणाली, "चिमूटभरसुद्धा नाही, मिस्टर पायबस. पन्नास वर्षं तुम्ही भुसा नाकानं ओढलात. फुफ्फुसं वाळक्या स्पंजासारखी झालीत. शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही."

परत येताना गाडी ग्लेनिसनं चालवली. एरलची बायको ती. यायचं होतं आमच्या सिग्नेट गावाला. रस्त्याला सफरचंदाच्या बागा लागल्या, नदी लागली, एरल काचेला डोकं टेकून बसलेला. घर आल्यावर तिनं त्याच्या सुतारकामाच्या शेडला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली. एकाहत्तर वर्षांची बाई, शाळेतल्या पोरीसारखी गळ्यात किल्ली घालून फिरायला लागली.

आता हा एरल म्हणजे कोण, तर आमच्या नदीवर जी बोट बघाल तिच्या पाठीवरचं नाव यानं कोरलेलं. लांब फळी, ह्यूऑन पाइन या लाकडाची, पिवळीधमक, वासानं डोकं शांत व्हावं अशी. त्यात खोल धारदार अक्षरं. पाटी ठोकल्याशिवाय बोट पाण्यात सोडायची नाही आणि पाटी एरलचीच हवी, हा इथला नियम. कुठं लिहिलेला नाही, पण मोडल्याचंही कुणी ऐकलेलं नाही. बदल्यात कुणी खेकडा द्यायचं, कुणी सफरचंदाचं पोतं. एकानं बकरी दिली होती. ती ग्लेनिसची सगळी फुलझाडं खाऊन मेली.

एक पाटी मात्र राहिली होती. विमची.

विम हूकस्ट्रा हा डच. नऊ वर्षांचा असताना आईबापांबरोबर इकडं आला आणि कागदाच्या गिरणीत चाळीस वर्षं फिटर होता. एरलचा चाळीस वर्षांचा दोस्त, आणि या चाळीस वर्षांत दोघं एकमेकांशी सरळ एक वाक्य बोलले असतील तर शपथ. डच लोकांच्या चीजवरून एरल त्याला 'चीज' म्हणायचा. विम त्याला 'इंच' म्हणायचा, कारण साऱ्या देशानं इंच सोडून मिलिमीटर घेतले तरी एरलनं काही इंच सोडले नाहीत. शिकताना जे डोक्यात बसलं ते बसलं. कापडाचं दुकान असो की कबरीचा खड्डा, हा गडी इंचातच बोलणार.

विम आणि त्याची बायको फेना अकरा वर्षं एक होडी बांधत होते. लहानशी, दोन माणसांची. विम फळ्या वाकवायचा, फेना घासायची. चार वर्षांपूर्वी फेना गेली. जाण्याआधी हॉस्पिटलात तिनं एरलचा हात धरला आणि म्हणाली, "होडीवर माझं नाव तूच काढायचं. आणि जरा मोठं काढ हं. जन्मभर बुटकी राहिले, आता तरी लांबून दिसू दे."

एरल म्हणाला, "दोन फूट लांब काढतो. पलीकडच्या काठावरून वाचता येईल."

मग विमनं होडीला हात लावला नाही. तीन वर्षं तिच्यावर ताडपत्री पडून होती. गेल्या हिवाळ्यात त्यानं ती ओढून काढली आणि पुन्हा कामाला लागला. ईस्टरला पाण्यात सोडायची, असं ठरलं. आणि नेमकं तेव्हाच एरलच्या शेडला कुलूप लागलं.

"मी गुपचूप कोरतो," एरल म्हणाला. "तोंडाला फडकं बांधून."

"आणि मग फेनाला तिकडं जाऊन सांग, म्हणावं तुझ्या पाटीपायी मेलो," विम म्हणाला. "ती तुला तिथंही बदडेल. गप बस. मी एक यंत्र बघितलंय."

ते सीएनसी राऊटर. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, ते यंत्राला धाडायचं, की यंत्र आपलं आपण लाकूड कोरतं. एक टेबल, टेबलावर पुढंमागं सरकणारा आडवा पूल, पुलावर डावीउजवी सरकणारी मोटर, मोटरच्या तोंडाशी टोकदार पातं.

"राऊटर आहे माझ्याकडं."

"तो हातात धरायचा, येड्या. हा स्वतः फिरतो. तू स्वयंपाकघरात चहा पी, तो शेडमध्ये भुसा खाईल. त्याला कुठं फुफ्फुसं आहेत?"

एरल दोन आठवडे फुगून बसला. यंत्रानं कोरलेली पाटी म्हणजे पाटी नव्हेच, म्हणाला. बाजारातला पाव. विमनं वाद घातला नाही. तो रोज यायचा, टेबलाशी बसून ग्लेनिसनं भाजलेले स्कोन खायचा आणि जाताना म्हणायचा, "अक्षर कोण काढणार? तू. फळी कोण निवडणार? तू. खोली कोण सांगणार? तू. ते यंत्र म्हणजे पटाशी आहे रे, जरा लांब दांड्याची."

पंधराव्या दिवशी एरल म्हणाला, "दांडा लांबच आहे म्हणा."

यंत्र कुठलं घ्यायचं यावरून मग खरी जुंपली. परदेशातून खोक्यात येणारं एक तयार यंत्र होतं. एरलला ते पसंत, कारण लवकर येईल. विमनं कुणाकडचं तरी बघून घेतलं होतं. म्हणाला, "पत्र्याचं खेळणं आहे. पुलाला बोट लावलं की डुलतो. पूल डुलला की पातं डुलतं, आणि पातं डुललं की तुझं अक्षर दारुड्यासारखं चालतं. चालेल तुला?" दुसरं, प्लायवूडचे सुटे भाग घेऊन घरी जोडायचं. त्यावर एरलच म्हणाला, "आमच्या नदीकाठच्या ओलीत प्लायवूड फुगणार. उन्हाळ्यात एक माप, पावसात दुसरं." तिसरी वाट म्हणजे लोखंडाची चौकट स्वतः वेल्डिंग करायची आणि रूळ, मोटरी, आट्यांचे दांडे तेवढे मागवायचे. वेळ लागतो, पण यंत्र जडशीळ होतं. हलतच नाही.

"वजन घ्यायचं," विम म्हणाला. "पहिलं यंत्र घेताना लोक वेग बघतात. वजन बघावं. आपणही लग्नात तेच बघायला हवं होतं."

"ऐकलं मी," ग्लेनिस आतून ओरडली.

तर ठरलं लोखंड. ग्लेनिसनं अट घातली की किल्ली विमकडं राहील आणि एरल उंबऱ्याच्या अलीकडं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर शेडचं दार दिसतं. तिथं एरलची खुर्ची लागली. नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर घोंगडी, आणि खिडकीतून हुकूम. विम गिरणीतून कधीकाळी आणलेले चौकोनी पाईप कापायचा, जोडायचा, घासायचा. एरल ओरडायचा, "गुण्या लाव! काटकोन बघितल्याशिवाय टाका मारू नकोस!" आणि विम आतून डच भाषेत काहीतरी म्हणायचा, ते ग्लेनिसला समजत नव्हतं हेच बरं.

चौकट झाली. चारी कोपऱ्यांची तिरपी मापं जुळेनात. दोन दिवस विमनं बोल्ट सैल केले, आवळले, पुन्हा सैल केले. तिसऱ्या दिवशी दोन्ही कर्ण केसाइतकेही वेगळे नाहीत असे जमले, तेव्हा तो बाहेर येऊन गवतावर बसला आणि एरलकडं बघून त्यानं टोपी काढली. मग रूळ आले, दांडे आले, मोटरी आल्या. यंत्राभोवती झाकणाची पेटी बांधली. पेटीतून जाड नळी काढून भुसा मागच्या अंगणात एका पिंपात सोडला. कॉम्प्युटर स्वयंपाकघरात, तारा भिंतीला भोक पाडून शेडपर्यंत. ग्लेनिसची भिंत. त्यावर चार दिवस कुणी कुणाशी बोललं नाही.

अक्षरं एरल कागदावर पेन्सिलीनं काढायचा. त्याचा हात तसाच होता. दम तेवढा गेला होता. कागदाचा फोटो घ्यायचा, पडद्यावर रेघ गिरवायची. मापं तो इंचात टाकायचा, दुसरं त्याला जमायचंच नाही. यंत्र मात्र मिलिमीटरच जाणायचं. म्हणून धाडण्याआधी एका ठिकाणी बदल करावा लागे, नाहीतर चोवीस इंच म्हटलं की यंत्र समजणार चोवीस मिलिमीटर, आणि पात्याचा वेगही त्याच हिशेबानं मंदावणार. विमनं कॉम्प्युटरच्या कडेला लाल अक्षरांत चिठ्ठी चिकटवली होती: 'इंचा, मिलिमीटर कर.'

"मी काय पोर आहे का?" एरल म्हणाला.

"पोरं शिकतात."

पहिली चाचणी स्वस्त पाइनच्या तुकड्यावर. विमनं तो तुकडा खिडकीशी आणून धरला. यंत्रानं सुबक अक्षरांत कोरलं होतं: 'चीजखाऊ'. एरल इतका हसला की त्याला ठसका लागला आणि ग्लेनिसनं नळीचा जोर वाढवला. दुसरा तुकडा विमनं त्याच्याकडूनच गिरवून घेतला, त्यावर एरलच्या नाकाचं चित्र. अशा तीसेक चाचण्या झाल्या. दर वेळी एरलनं तो बदल केला. एकदाही चुकला नाही. अक्षरं सुधारत गेली, टोकं धारदार व्हायला लागली. एक दिवस एका तुकड्यावर बोट फिरवत तो म्हणाला, "माझंच आहे हे." आनंदानं म्हणाला की कसं, ते कळलं नाही. पण म्हणाला.

मग खरी फळी निघाली. एरलच्या बापानं ठेवलेली, पलंगाखाली चाळीस वर्षं वाळलेली. ह्यूऑन पाइन आता अशी मिळत नाही. विमनं ती रंधून यंत्रावर बसवली, पातं लावलं, मधोमध खूण करून शून्य धरलं. मंगळवार होता, सकाळचे दहा. ग्लेनिस औषधाच्या दुकानात गेलेली. विम स्वयंपाकघरात एरलच्या मागं येऊन उभा राहिला.

"जा तू," एरल म्हणाला.

"कुठं?"

"होडीचा रंग वाळला का बघ. मानेवर श्वास सोडू नकोस माझ्या. ही एक मला एकट्याला करू दे."

विमला ते पटलं. ही फेनाची पाटी, आणि फेनानं सांगितलं होतं ते एरलला. तो गेला.

एरलनं चित्र उघडलं. एफ, ई, एन, एन, ए. महिनाभर काढलेली अक्षरं. दोन्ही एन जुळ्या बहिणींसारखे, पण दुसरा किंचित रुंद, कारण पुढचा ए तिरपा आणि डोळ्याला फसवतो. हे असलं यंत्राला सुचत नाही. त्यानं घसा साफ केला आणि बटण दाबलं.

पेटीचं झाकण बंद, त्यामुळं खिडकीतून हिरवा दिवा तेवढा दिसायचा. आवाज आला, पण बारीक. डासासारखा. एरलला वाटलं, खिडकी लावलीय म्हणून. चाळीस मिनिटं यंत्र चाललं, चाचणीलाही एवढाच वेळ लागत असे. तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला, चर्चमध्ये बसतात तसा. मग दिवा लाल झाला.

विम परत आला तो हसतच. खिडकीला टकटक करून शेडमध्ये गेला. झाकण उचललं. दारातून एरलला त्याची पाठ दिसत होती. ती पाठ वाकली. वाकलेलीच राहिली. मग विमनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि आणखी वाकला.

एरलला तिथंच कळलं. त्यानं कॉम्प्युटरच्या कडेकडं बघितलं. चिठ्ठी तिथंच होती, लाल अक्षरांत.

फळीच्या मधोमध, इंचभर लांब, केसाएवढ्या रेघांनी ओरखडा उमटला होता: फेना. पोस्टाच्या तिकिटावर मावेल एवढं. अक्षरं अगदी बरोबर, दुसरा एनसुद्धा किंचित रुंद. पलीकडच्या काठावरून वाचायचं नाव, आणि वाचायला भिंग हवं.

विम स्वयंपाकघरात आला. एरल वाट बघत होता. आता हा सुरू होणार. इंचा, टोणग्या, लाल शाईनं लिहिलं होतं, कपाळावर गोंदवू का आता? सगळ्या नदीला सांगणार, पबमध्ये सांगणार, दहा वर्षं पुरेल एवढा दारूगोळा मिळालाय याला. एरलनं मान खाली घालून तयारी केली. खरं सांगायचं तर तो त्याचीच वाट बघत होता.

विम समोरच्या खुर्चीवर बसला. म्हणाला, "काही नाही, एरल. होतं असं. कुणाचंही होतं."

चाळीस वर्षांत त्यानं याला 'एरल' म्हटलं नव्हतं.

"ओरखडा आहे नुसता," विम म्हणाला. "एक रंधा मारला की जाईल. फळी शाबूत आहे. तू दमला असशील. चहा टाकू?"

"विम."

"काय रे?"

"शिवी दे ना."

विम उठला, त्यानं किटलीत पाणी भरलं आणि नळाकडं तोंड करून उभा राहिला. पाणी भरून वाहायला लागलं तरी नळ चालूच.

ग्लेनिस आली तेव्हा विम निघून गेला होता. एरल खिडकीशी तसाच. तिनं औषधं टेबलावर ठेवली.

"चुकलो मी," तो म्हणाला. "मिलिमीटर करायचं विसरलो. तीस वेळा केलं आणि आजच डोक्यात आलं नाही. चिठ्ठी समोर होती, ग्लेन. मी बघत होतो तिच्याकडं."

"मग? विम काय म्हणाला?"

"म्हणाला, होतं असं."

ग्लेनिस कोट काढत होती. एक बाही निघाली, दुसरी अंगातच राहिली. डॉक्टरनं तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढं पुढं हवा डोक्याला पुरेनाशी होईल, गोष्टी निसटतील. हे तिनं एरलला सांगितलं नव्हतं. आता सांगायची गरज नव्हती.

"चांगला माणूस आहे तो," ती म्हणाली.

"नाही ना," एरल म्हणाला. "तेच तर. तो कधीच चांगला नव्हता."

गुरुवारी विम आला. दाराशी बूट काढून आत आला. या घरात कधी काढले नव्हते. हातात रंधलेली फळी, ओरखडा गेलेला, कोरी करकरीत.

"बसवतो यंत्रावर. तू बटण दाब," तो म्हणाला. "मी इथंच बसेन, नुसता. बोलणार नाही."

"नाही. तू दाब."

"तुझी पाटी आहे ती. फेनानं तुला सांगितलं होतं."

"फेनानं सांगितलं, नाव मोठं काढ. बटणावर बोट कुणाचं ते नाही सांगितलं." एरलनं कॉम्प्युटर टेबलावरून त्याच्याकडं सरकवला. "घेऊन जा शेडमध्ये. तार लांब आहे. आणि होडी झाली की यंत्रही उचल इथून. तुझ्याकडं जागा आहे. नदीवर आणखी बोटी होतील, त्यांना पाट्या लागतील. अक्षरं तेवढी मी काढून देतो, जमेल तोवर. नंतरची माझ्या वहीत काढून ठेवलीत."

"मला अक्षरातलं काय कळतं? लोखंडाचा माणूस मी."

"शीक मग. पोरं शिकतात, म्हणालास ना."

विमला यावर हसायचं होतं. त्यानं प्रयत्न केला. मग कॉम्प्युटर काखेत मारून, मोजे घालून तसाच अंगण ओलांडून गेला.

एरलनं ग्लेनिसला खुर्ची वळवायला सांगितली. "भिंतीकडं कर."

"दिसणार नाही मग."

"नको दिसायला."

तिनं खुर्ची वळवली आणि शेजारी स्टूल घेऊन बसली. शेडमधून मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. या वेळी जाडा, पोट भरलेला. पातं लाकडात उतरलं तसा खाली गेला. एरलनं टेबलावरच्या मेणकापडावर बोट ठेवलं.

"एफ," तो म्हणाला. बोट वरून खाली आलं, सावकाश, जिथं रेघ रुंद होते तिथं दाबून. मग वर उचललं, वरची आडवी काढली, मधली आखूड. "आता ई. ऐक, तीनदा उचलेल." आवाज तीनदा तुटला. ग्लेनिसनं मान हलवली. तिला फरक कळत नव्हता, पण ती त्याच्या बोटाकडं बघत होती. नखात अजून पन्नास वर्षांचा काळपटपणा.

"एन," तो म्हणाला. त्याला थांबून श्वास घ्यावा लागला. नळी फुसफुसली. तिरपी रेघ वरून खाली काढताना बोट मधेच अडकलं, त्यानं परत मागं नेलं आणि पुन्हा काढली, कारण तिरपी रेघ एका दमात यावी लागते. तोवर शेडमधला आवाज पुढं गेला होता. त्यानं बोलणं सोडलं. यंत्राच्या मागं धावायचं नाही असं ठरवल्यासारखा तो आपल्या चालीनं दुसऱ्या एनवर आला, तो किंचित रुंद घ्यायचा होता, आणि घेतलाही.

मोटर थांबली. अंगणात शांत झालं. मग भुसा ओढायचा आवाज, मग ओलं फडकं फिरवल्याचा, मग पायरीवर मोज्यांचे पाय. विम दारात आला. पुसून स्वच्छ केलेली पाटी त्यानं छातीशी धरली होती, पिवळीधमक, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेना. त्याचे डोळे लाल झाले होते.

ग्लेनिसनं त्याच्याकडं बघून हात वर केला. थांब.

एरलची पाठ दाराकडं होती. बोट मेणकापडावर सरकत होतं. विम जागचा हलला नाही. शेवटचा ए अजून व्हायचा होता.